बांधाच्या अलीकडे

सोलापुरात आमच्या भागातल्या नळाला चौथ्या दिवशी पाणी येतं. ही तक्रार नव्हे. तक्रार करायचं वय केव्हाच मागे पडलं. कधी तिसऱ्या दिवशी येतं, कधी पाचव्या, पण आम्ही चारच धरून चालतो. नातेवाईक फोनवर ‘कसे आहात’च्या आधी ‘पाणी आलं का’ विचारतात. बारसं असो, साखरपुडा असो की मोतीबिंदूचं ऑपरेशन, त्या दिवशी पाणी आहे का ते आधी बघायचं आणि मग तारीख धरायची. पाण्याच्या दिवशी घरात एक तरी माणूस लागतोच. नळाला पाईप जोडायचा, तो हौदात सोडायचा, हौद भरला की पिंपं, पिंपं भरली की घागरी, मग मोटर लावून गच्चीवरची टाकी. आधीचं उरलेलं पाणी शिळं झालं म्हणून झाडांना नाहीतर फरशीला. हे सगळं दोन-अडीच तासांत उरकायचं. बाहेरच्या माणसाला यात काय एवढं असं वाटेल. त्याने एकदा पाळी चुकवून बघावी.

मी छत्तीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवलं. नळ आणि हौदाची गणितं ही माझी खासियत. ‘एका नळाने हौद सहा तासांत भरतो, दुसऱ्याने नऊ तासांत रिकामा होतो’ असं फळ्यावर लिहिलं की वर्ग खिदळायचा. सर, असा नळ कुठं असतो, पत्ता सांगा की, असं कुणीतरी मागच्या बाकावरून म्हणायचं. मलाही हसू यायचं, पण मी ते दाखवत नसे. शिस्तीचा म्हणून माझा लौकिक होता आणि तापट म्हणूनही. दोन्ही खरं होतं.

लग्नाला आता चाळीस वर्षं होतील. दोन वर्षांपूर्वीपर्यंत आम्ही नवरा-बायको मिळून तीन रात्रींच्या वर कधी घराबाहेर राहिलो नव्हतो. मुलीच्या बाळंतपणाला बायको महिनाभर पुण्याला गेली, मी घरी. नातवाच्या बारशाला मी गेलो, तर ती आदल्या संध्याकाळी एस.टी.ने परत आली, कारण दुसऱ्या दिवशी पाणी होतं. नातवाचं नाव तिने फोनवरून ऐकलं. तेव्हा मला यात काही चुकीचं वाटलं नाही. उलट आमचं घर किती नेटकं चालतं याचा अभिमानच वाटायचा.

बायको उजनीच्या काठावरची. ती पंधरा-सोळा वर्षांची असताना धरणाचं पाणी चढत चढत त्यांच्या शिवारात आलं. गाव वर सरकलं, थोडी जमीन बुडाली आणि तीन एकर राहिली ती पाण्याच्या पलीकडे. मग तिच्या वडिलांनी, म्हणजे बापूंनी, होडी घेतली. लग्न होईपर्यंत सहा वर्षं ही बाई रोज होडी वल्हवत शेतात जायची. उसाचं बेणं, खताची पोती, केळीचे घड, कधी शेळी, सगळं होडीतून. नवी नवरी होऊन आमच्याकडे आली तेव्हा तिच्या तळहातांना घट्टे होते. माझ्या आईला ते बघून वाईट वाटलं होतं. आणि अशी बाई आली ती चौथ्या दिवशी पाणी येणाऱ्या घरात. तिने कधी कुरकुर केली नाही. आठवड्याभरात पाईप जोडायला शिकली आणि वर्षभरात माझ्यापेक्षा चटपटीत झाली.

निवृत्तीनंतर एकदा व्हिडिओ कॉलवर मुलीने सहज विचारलं, “आई, तुला काय पाहिजे गं? साडी, दागिना, काहीही सांग.” मला वाटलं, नेहमीप्रमाणे ‘काही नको’ म्हणेल. ती म्हणाली, “मला होडीतनं समुद्रापत्तोर जायचंय.”

मी म्हणालो, “समुद्र पाहिलास की मुंबईला.”

“जमिनीवरनं बघितला. मला पाण्यावरनं जायचंय.” मग मुलीकडे बघून म्हणाली, “आमची होडी इस मिन्टात पलीकडल्या काठाला लागायची. लागली की उतरायचं. मी बापूला इचारायची, उतरायचंच न्हाई, असंच म्होरं जायचं ठरवलं तर कुटं जाऊ? बापू म्हणायचे, धरणाची भिंत हाय, न्हाईतर समुद्राला गेली असतीस की.”

अडतीस वर्षांत तिने मागितलेली ही पहिली गोष्ट. मुलीने महिनाभर शोधाशोध केली आणि केरळातली एक बोट ठरवली. कोल्लमपासून कोचीपर्यंत, किनाऱ्याला समांतर, कालव्यांमधून आणि तळ्यांमधून पाच दिवस. पाचव्या दिवशी सकाळी बोट कोचीला, जिथे तळं समुद्राला मिळतं तिथे पोचणार. तिथून दुपारच्या गाडीने थेट सोलापूर. बायकोने तो नकाशा फोनवर मोठा करून करून पाहिला आणि शेवटच्या निळ्या भागावर बोट ठेवून म्हणाली, “हितं भिंत न्हाई.”

मी लगेच पाण्याच्या पाळ्या मांडल्या. निघायच्या दिवशी सकाळी पाणी येणार, ते भरून दुपारी निघायचं. पुढची पाळी आम्ही बोटीवर असताना, ती चुकणार. त्यापुढची आम्ही परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी. म्हणजे एकच पाळी बुडते. तेवढ्यासाठी किल्ली शेजारच्या काकूंकडे दिली. त्यांचं घर विणकरांचं, तेलुगू बोलणारं, चार पिढ्या इथले. काकू मला ‘सर’ म्हणतात कारण त्यांची दोन मुलं माझ्या हाताखालून गेली. मी त्यांना कागदावर क्रमवार लिहून दिलं: आधी हौद, मग पिंपं, मग घागरी, मोटर किती वेळ. काकूंनी कागद वाचला आणि हसल्या. मला ते हसू आवडलं नाही.

बोट लहान होती. एक खोली, पुढे बसायची मोकळी जागा, वर वेताचं छप्पर. चालवणारा माणूस पन्नाशीचा, मुंबईत बरीच वर्षं हॉटेलात काम केलेला, त्यामुळे त्याला मोडकंतोडकं हिंदी येत होतं. दुसरा स्वयंपाकी, माझ्याच वयाचा, जवळजवळ मुका म्हणावा इतका अबोल. मला ते दोघं ‘सार’ म्हणायचे आणि बायकोला ‘चेची’, म्हणजे ताई.

पहिल्याच सकाळी धक्क्यावरून निघताना बोटीचं तोंड वाऱ्याने काठाकडे वळायला लागलं. चालवणारा मागे इंजिनापाशी होता. बायको उठली, पदर खोचला, बाजूला ठेवलेला लांब बांबू उचलला, चिखलात रोवला आणि अंगाचा भार टाकून बोट ढकलली. तोंड सरळ झालं. चालवणाऱ्याने मान बाहेर काढून पाहिलं आणि त्याच्या भाषेत काहीतरी ओरडला. स्वयंपाकी पहिल्यांदा हसला. त्यानंतर शेवटपर्यंत ‘चेची’ला पुढची जागा बहाल झाली.

मी माझ्या बायकोला असं कधी पाहिलं नव्हतं. ती तासन्‌तास पुढे बसून असायची, पाय खाली सोडून. वाऱ्याचा अंदाज सांगायची, गाळ कुठे असेल ते पाण्याच्या रंगावरून ओळखायची, आणि तिचं बरोबर निघायचं. शहरात राहून तिची बोली बरीच पुसट झाली होती, ती दिवसागणिक परत यायला लागली. “लई दिसांनी असं वाटतंय,” ती म्हणायची. “अहो, हितं बसा की. कसलं ग्वाड वारं हाय.” मी जाऊन बसायचो. दहा मिनिटांनी उठायचो.

खरं सांगायचं तर मला थोडा रागच येत होता. कशाचा, हे तेव्हा कळलं नाही. आता कळतं. ती माझ्याशिवाय सुखात होती. मी तिला दिलेल्या घरात, माझ्या शिस्तीत, माझ्या पाळ्यांमध्ये अडतीस वर्षं राहून तिच्या चेहऱ्यावर जे कधी आलं नाही ते एका परक्या माणसाच्या बोटीवर अर्ध्या दिवसात आलं. हे गिळायला जड गेलं.

मग मी मला जमतं ते करायला लागलो. बोटीवर गोड्या पाण्याची एक टाकी होती. रोज सकाळी मी तिच्यात काठी बुडवून किती उरलंय ते बघायचो. बायकोला म्हणायचो, आंघोळ अर्ध्या बादलीत कर. स्वयंपाकी भांडी विसळताना तोटी सोडून ठेवायचा, मी जाऊन बंद करायचो. एकदा त्याने चालवणाऱ्याकडे बघून डोळे फिरवले, ते मी पाहिलं. बायको म्हणाली, “अहो, चारी अंगानं पाणीच पाणी हाय की.” मी म्हणालो, “ते पिण्याचं नाही.” ती खळखळून हसली. मला वाटलं, मला हसतेय.

तिसऱ्या दिवशी सोलापुरात पाणी यायचं होतं. मी सकाळपासून काकूंना फोन लावत होतो. तळ्यात रेंज येत-जात होती. शेवटी लागला. काकू म्हणाल्या, “सर, पाणी आलंय, पण भरू कुठं? सगळं भरलेलंच आहे की.”

मला वाटलं, टाळाटाळ करतायत. त्यांच्या घरचं भरण्यात गुंतल्या असतील आणि आमच्याकडे जायचा कंटाळा केला असेल. मी जरा आवाज चढवूनच म्हणालो, “काकू, कागदावर लिहिलंय ना? आधी हौदाचं झाकण उघडून बघा.” तेवढ्यात फोन तुटला. दिवसभर मी धुसफुसत होतो. ही पाळी गेलीच, असं मनाशी धरून बसलो. आता पुढची काहीही झालं तरी चुकवायची नाही. परत गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी दारात पाईप घेऊन उभा असलो पाहिजे.

चौथ्या दिवशीचं आता सांगायला हवं.

त्या मोठ्या तळ्याच्या मधोमध एक लांब बांध आहे. समुद्राकडचं खारं पाणी शेतांत येऊ नये म्हणून हिवाळा-उन्हाळ्यात त्याची दारं लावलेली असतात. बोटींसाठी एक दार ठरावीक वेळी उघडतात, सकाळी एकदा आणि दुपारी एकदा. आम्हाला दुपारच्या वेळेला पलीकडे जायचं होतं. पलीकडे मुक्काम करून सकाळी समुद्राच्या तोंडाशी. संध्याकाळ झाली की कोळी जाळी टाकतात, तेव्हा बोटी चालवायच्या नाहीत असा तिथला नियम. त्यामुळे वेळ महत्त्वाची होती. हे सगळं चालवणाऱ्याने आदल्या दिवशी नीट समजावलं होतं. मला समजलंही होतं.

वाटेत एका खेड्याच्या धक्क्यावर भाजी घ्यायला थांबलो. पाच मिनिटांचं काम. स्वयंपाकी भाजी घेऊन आला, आणि मी पाहिलं, धक्क्याच्या पायऱ्यांवर एक सार्वजनिक नळ वाहत होता. तोटीच नव्हती. चांगलं स्वच्छ पाणी सरळ तळ्यात जात होतं. आजूबाजूला एक म्हातारा आणि दोन बायका, कुणाचं तिकडे लक्षसुद्धा नाही.

दुसऱ्या गावच्या माणसाला हे सांगून पटणार नाही. सोलापूरचा माणूस वाहता नळ बघून पुढे जाऊ शकत नाही. हात आपोआप भांड्याकडे जातो. सकाळी काठी बुडवली तेव्हा बोटीवरची टाकी निम्म्यावर आली होती. मी दोन बादल्या घेऊन खाली उतरलो.

चालवणारा म्हणाला, “सार, टंकी में बहुत है. पहुँच के भरेगा.” मी म्हणालो, दोन मिनिटं. धार करंगळीएवढी. एक बादली भरायला पाच मिनिटं लागत होती, मी घड्याळ लावून बघितलं. दोन्ही बादल्या भरल्या तशा वर नेऊन टाकीत ओतल्या आणि परत आलो. मग स्वयंपाक्याची मोठी पातेली मागून घेतली. तो देईना, मी स्वतः उचलली. मग पाण्याच्या रिकाम्या बाटल्या. त्या दोन बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. म्हाताऱ्याने मला काहीतरी विचारलं, मी हातानेच थांबा म्हणालो.

बायको पुढच्या जागेवरून उठून काठाशी आली. “अहो, चला. दार लागंल.”

“आलो.”

“अहो.”

“आलो म्हणालो ना!” मी ओरडलो. चार परक्या माणसांसमोर, वर्गातल्या पोरावर ओरडावं तसा. ती मागे सरली. चालवणाऱ्याने एकदा भोंगा वाजवला, मग वाजवला नाही. मी सगळं भरलं. शेवटची बाटली झाकण लावून पिशवीत ठेवली तेव्हा मला खरोखर बरं वाटलं होतं. पाऊण तास गेला होता.

बांधापाशी पोचलो तेव्हा दार लागलेलं होतं. शेवटची बोट पलीकडे गेलेली दिसत होती, फार लांब नव्हती गेली. चालवणाऱ्याने वरच्या माणसाशी बोलून पाहिलं. तो माणूस नियमाचा होता, आणि मीही त्याच्या जागी असतो तर उघडलं नसतं. आता सकाळी आठ वाजता. आठला निघून समुद्रापाशी पोचायला दुपारचे दोन-अडीच. आमची गाडी एकला.

चालवणाऱ्याने दोन वाटा सांगितल्या. सकाळी इथूनच टॅक्सीने स्टेशन गाठायचं, किंवा तिकीट एक दिवस पुढे करायचं. बोट त्याच्याकडे पुढचे दोन दिवस मोकळीच होती, तो आनंदाने न्यायला तयार होता.

बायको म्हणाली, “तिकीट बदलू या.”

मी म्हणालो, “तेरवा पाणी आहे.”

“एक येळ चुकली तर काय हुतंय?”

“एक नाही, दुसरी. काकूंनी भरलेलं नाही. हौद तळाला गेला असेल. मग चार दिवस काय करायचं? कुणाच्या दारात घागर घेऊन उभं राहायचं?”

ती परत म्हणाली, “बदलू या की. मी म्हणते म्हणून.”

‘मी म्हणते म्हणून’ हे शब्द तिने माझ्याशी कधी वापरले नव्हते. मला ते ऐकू आले, आणि त्यांचं वजनही कळलं. तरी मी म्हणालो, “असं लहान मुलासारखं करू नकोस. समुद्र काय पळून चाललाय? पुढच्या वर्षी येऊ.”

ती सूर्य मावळेपर्यंत पुढे बसून राहिली. मी आत जाऊन बॅग भरत होतो, तिचं चालवणाऱ्याशी चाललेलं बोलणं ऐकू येत होतं. पलीकडे काय काय आहे, असं ती विचारत होती. तो सांगत होता, पाणी रुंद होत जातं, मोठी जहाजं दिसायला लागतात, दोन्ही काठांवर उंच बांबूंची जाळी लटकलेली असतात, मग एका बाजूचा काठ संपतो, मग दुसऱ्या बाजूचा. “फिर?” तिने विचारलं. “फिर कुछ नहीं, चेची. खाली पानी.” ती हसल्याचं मला ऐकू आलं. मी बाहेर गेलो नाही.

सकाळी टॅक्सी आली. रस्ता त्या बांधावरूनच जातो. अर्ध्यावर आल्यावर तिने ड्रायव्हरला थांबायला सांगितलं. उतरली, कठड्याच्या कडेने समुद्राकडच्या बाजूच्या पायऱ्या उतरून खाली गेली, वाकली, पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं. मी वरून घड्याळ बघत होतो. “गाडी चुकेल,” असं म्हणालोही. वर आल्यावर ती म्हणाली, “खारट हाय.” एवढंच. आम्ही वेळेच्या पन्नास मिनिटं आधी स्टेशनवर पोचलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आलो. कुलूप काढून बॅगा दारातच टाकल्या आणि मी आधी हौदाचं झाकण उचललं.

हौद काठोकाठ भरलेला होता. पिंपं भरलेली, घागरी भरलेल्या, गच्चीवरची टाकी भरलेली. निघताना मी स्वतः भरली होती तशीच. आठवडाभर घरात माणूस नव्हतं, पाणी वापरणार कोण? छत्तीस वर्षं पोरांना विचारलं, हौद रिकामा व्हायला किती वेळ लागेल. दुसरा नळ बंद असेल तर हौद रिकामा होतच नाही, हे मला सुचलं नाही. काकू तेच सांगत होत्या. भरू कुठं?

बायको पिशवी घेऊन मागे उभी होती. तिने हौदात पाहिलं. मला वाटलं, आता बोलेल. बोलावं, भांडावं, झाकण आपटावं, माझ्या आईबापाचा उद्धार करावा असं वाटत होतं. ती म्हणाली, “भरलाय की.” आणि चहा टाकायला आत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी आलं. मी दारात पाईप धरून उभा राहिलो आणि ओतायला जागा नव्हती म्हणून आयुष्यात पहिल्यांदा नळाची चावी बंद केली.

पुढे काही महिने मी ही गोष्ट विनोद म्हणून सांगत असे. धक्क्यावरचा नळ, पातेली, हसणाऱ्या बायका. सोलापूरकर पोट धरून हसायचे, कारण प्रत्येकाने तेच केलं असतं. बायकोही हसायची. मला वाटलं, मिटलं. मग माझ्या लक्षात आलं की तिला कुणी सहलीबद्दल विचारलं तर ती चौथ्या दिवशीच्या सकाळपर्यंत सांगते आणि मग म्हणते, लई छान झाली. मुलीने एकदा विचारलं, समुद्राचे फोटो कसे नाहीत? मी म्हणालो, बांधाचं दार दुरुस्तीला बंद होतं. बायको तिथेच होती. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि मुलीला खरं काय ते सांगितलंही नाही. तेव्हा मला फार लाज वाटली. शाळेत खोटं बोलणाऱ्या पोरांना मी बाकावर उभं करायचो.

‘पुढच्या वर्षी’ आलं नाही. आधी माझ्या गुडघ्याचं निघालं, मग घराचा रंग, मग मुलीची बदली. यातलं काहीच असं नव्हतं की ज्याने अडावं. ती एका शब्दाने म्हणाली असती तर मी गेलो असतो, असं मी स्वतःला सांगत राहिलो. ती म्हणाली नाही. साडी, भांडं, सिनेमा, कशालाच ‘मला पाहिजे’ म्हणत नाही आता. भांडतही नाही. घर पूर्वीपेक्षा शांत आहे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटतं, म्हातारपणी दोघांचं छान जमलंय.

मागच्या आठवड्यात मी तिला न सांगता सगळं ठरवलं. तीच बोट, तोच माणूस. त्याला आम्ही आठवत होतो, ‘चेची कैसी है’ असं त्याने लगेच विचारलं. या वेळी बांधापासूनच सुरुवात, सकाळच्या पहिल्या दाराने पलीकडे, समुद्राच्या तोंडाशी दोन दिवस मुक्काम. परतीचं तिकीट काढलंच नाही. पाण्याच्या पाळ्या मांडल्या नाहीत. हे सगळं करताना मी पंचविशीतल्या माणसासारखा खुशीत होतो.

तिकिटं छापून आणली आणि तिच्यापुढे ठेवली. ती स्वयंपाकघरात खाली बसून घेवडा निवडत होती. हात पुसून तिने चष्मा लावला, कागद नीट वाचले, तारखा वाचल्या, आणि परत माझ्या हातात दिले.

“का गं?” मी विचारलं.

“बरं हाय की.”

“मग? आवडलं नाही?”

तिने एक शेंग मोडली. तिच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर मला सोपं गेलं असतं. “तुमाला आता जायचंय. मला तवा जायचं हुतं.”

मी म्हणालो, “म्हणजे तू येणार नाहीस?”

“यीन की. तुमी म्हणाल तर यीन, न्हाई कशाला म्हणू?” ती म्हणाली. “पर माझ्यासाठी म्हणून नगा नेऊ.”

मग तिने ताट पुढे ओढलं आणि निवडायला लागली. मी तिकिटं हातात धरून तिथेच उभा होतो.